‘कट का मारला?’ : दोन मिनिटांच्या रागाचा कायदेशीर हिशेब

जळगाव आणि धुळे जिल्ह्यांच्या बातम्यांचे वृत्तपत्रातील पान नित्य वाचणाऱ्या वाचकाला एक वाक्यखंड इतका परिचयाचा झालेला असतो, की त्याची दृष्टी त्यावर न अडखळता पुढे सरकते : ‘दुचाकीला कट मारल्याच्या कारणावरून’. या चार शब्दांच्या पुढे मग कोणाचे डोके फुटल्याची, कोणाच्या मोटारीची काच फोडल्याची, आणि प्रसंगी कोणी प्राणास मुकल्याची बातमी येते. कट मारणे म्हणजे ओलांडून पुढे जाताना दुसऱ्याच्या वाहनाला अगदी खेटून, त्याला दचकून बाजूला सरावे लागेल अशा रीतीने आपले वाहन काढणे, हे कोणास सांगावयास नको. कोडे पडते ते निराळेच. अशा प्रसंगी बहुधा वाहनाला वाहन लागलेलेही नसते, कोणाच्या अंगावर ओरखडा उठलेला नसतो, कोणाचे एका पैचेही नुकसान झालेले नसते. आणि तरीही ‘तुले दिखत नही का, भो?’ या प्रश्नापासून दोन मिनिटांच्या आत एक इसम जिल्हा रुग्णालयात आणि दुसरा पोलीस कोठडीत पोहोचतो, आणि फिर्यादीवर पाच-सहा कलमे चढलेली असतात. कोठडीत बसलेल्या माणसाला मनापासून वाटत असते, की चूक तर त्याची होती, मग कलमे माझ्यावर का?

या भाबड्या, परंतु प्रामाणिक प्रश्नाचे उत्तर देण्याचा हा प्रयत्न आहे.

फिर्यादीतले चार शब्द

प्रथम कट मारणाऱ्याचा विचार करू, कारण रागावलेल्या माणसाचा निम्मा राग ‘त्याला कोणी काही करणार नाही’ या समजुतीतून आलेला असतो. महाराष्ट्रातील कोणत्याही ठाण्यातील अपघाताची फिर्याद वाचली, तर तीत एक ठरीव वाक्य हटकून आढळते : आपल्या ताब्यातील वाहन भरधाव वेगाने, हयगयीने, अविचाराने व रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून चालविले. हे शब्द लेखनिकाच्या हातवळणाचे वाटले, तरी प्रत्येकाच्या मागे कायद्याची एकेक कसोटी उभी आहे. वेग अधिक असणे हा एकट्याने गुन्ह्याचा पुरावा होत नाही. मोकळ्या महामार्गावर जो वेग निर्दोष, तोच शाळा सुटण्याच्या वेळी जळगावच्या आकाशवाणी चौकात अपराध ठरू शकतो, आणि म्हणूनच ‘रस्त्याची परिस्थिती’ हे शब्द त्या वाक्यात आले. हयगय म्हणजे जी काळजी सामान्य शहाण्या माणसाने घेतली असती ती न घेणे. आणि अविचार म्हणजे धोका दिसत असूनही ‘काही होत नाही’ असे म्हणून पुढे जाणे.

अशा चालविण्याला, अपघात झालेला नसला तरीही, भारतीय न्याय संहितेचे कलम २८१ लागू होते : शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कारावास, किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ही संहिता १ जुलै २०२४ पासून अंमलात आली. परंतु हे कलम १८६० च्या भारतीय दंड संहितेतील कलम २७९ चेच नवे रूप आहे, आणि बग्ग्या नि घोडेस्वार यांच्या काळात ठरविलेला एक हजार रुपयांचा दंड तेवढाच राहिला आहे. त्या काळी ती रक्कम भल्या गृहस्थाला हादरा देणारी होती. आज ती मोटारीचा एक आरसा बदलण्यासही कित्येकदा पुरत नाही. संसदेने शिक्षांची फेररचना करताना हा आकडा तसाच राहू द्यावा, हे मला आजही उमगलेले नाही. ही उणीव काही अंशी मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १८४ ने भरून काढली आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर धोकादायक चालविण्यात लाल दिवा ओलांडणे, हातात फोन धरून चालविणे, उलट दिशेने येणे आणि नियमबाह्य रीतीने दुसऱ्यास ओलांडणे यांचा नावनिशीवार समावेश झाला. आपला ‘कट’ तो हाच. पहिल्या अपराधाला सहा महिने ते एक वर्ष कारावास, किंवा एक ते पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. आणि तीन वर्षांच्या आत पुनरावृत्ती झाल्यास दोन वर्षांपर्यंत कारावास, किंवा दहा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही.

पऱ्हाट्यांचा जाळ : हयगय, जाण आणि हेतू

कट मारण्यातून कोणाचा जीव गेला, तर मात्र प्रश्न एकदम गंभीर होतो, आणि कायदा माणसाच्या मनात डोकावू लागतो. हे डोकावणे कसे चालते, हे आपल्या शिवारातील एका उदाहरणाने चांगले कळेल. कपाशी निघाल्यानंतर शेतकरी पऱ्हाट्यांचा ढीग पेटवितो. एकाने ढीग पेटविला आणि तो पुरता विझला की नाही हे न पाहताच तो घरी गेला. रात्री ठिणगी उडून शेजाऱ्याची कडब्याची गंजी जळाली. ही हयगय. दुसऱ्याने भर वाऱ्यात, वारा शेजाऱ्याच्या गंजीकडेच वाहतो आहे हे पाहून, चारचौघांनी सांगूनही, काडी लावली. त्याला गंजी जाळावयाची नव्हती. पण ती जळण्याचा संभव आहे हे त्याला ठाऊक होते. ही जाण. तिसऱ्याने थेट गंजीलाच काडी लावली. हा हेतू. तिन्ही ठिकाणी राख सारखीच पडली, पण तिघांचा अपराध सारखा नाही.

रस्त्यावरील मृत्यूचेही तसेच. हयगयीने मृत्यू घडविल्यास न्याय संहितेच्या कलम १०६(१) प्रमाणे पाच वर्षांपर्यंत कारावास व दंड. जुन्या संहितेत हीच मर्यादा दोन वर्षांची होती. मृत्यू ओढवण्याचा संभव आहे हे जाणून वाहन हाकल्याचे शाबीत झाल्यास तो सदोष मनुष्यवध, कलम १०५, दहा वर्षांपर्यंत कारावास व दंड. आणि भांडणानंतर पुन्हा वाहनात बसून ते एखाद्याच्या अंगावर घातल्यास तेथे अपघात हा शब्दच उरत नाही. मोटार तेव्हा कोयत्यासारखेच एक शस्त्र होते, आणि खटला खुनाचा किंवा खुनाच्या प्रयत्नाचा चालतो.

पहिल्या आणि दुसऱ्या पायरीतील भेद न्यायालयाने कसा ओळखला, याचा एक महत्त्वाचा दाखला मुंबईचा आहे. १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे वांद्र्याच्या कार्टर रस्त्यावर मद्यप्राशन केलेल्या एका तरुणाची मोटार पदपथावर झोपलेल्या मजुरांवर चढली. सात जण मृत्यू पावले, आठ जखमी झाले. सत्र न्यायालयाने ते हयगयीचे कृत्य मानून सहा महिन्यांची शिक्षा दिली. मुंबई उच्च न्यायालयाने ते फिरवून, त्यात ‘जाण’ होती असे ठरवून, तीन वर्षांचा कारावास मुक्रर केला, आणि १२ जानेवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला. जळगावजवळ रामदेववाडी येथे ७ मे २०२४ रोजी भरधाव मोटारीच्या धडकेत एका मातेसह तिच्या कुटुंबातील तीन मुले गेली, तेव्हा जिल्ह्यात जो क्षोभ उसळला तोही याच भेदाभोवती फिरत होता : ही हयगय म्हणावयाची की जाण? त्या प्रकरणी सदोष मनुष्यवधाचे कलम लावण्यात आले. आरोप खरा की खोटा, हे ठरविण्याचा अधिकार न्यायालयाचा आहे, आणि तो आपण वाचकांनी आपल्याकडे घेऊ नये. पण लोक जो प्रश्न चौकाचौकांत विचारीत होते, तो अगदी नेमका कायद्याचाच प्रश्न होता.

अपघात करून पळून जाणाऱ्यास दहा वर्षांपर्यंत शिक्षा सांगणारे कलम १०६(२) वाचकांना आठवत असेल. त्याच्याविरुद्ध जानेवारी २०२४ च्या आरंभी मालमोटार चालकांनी चाके थांबविली, मनमाडजवळच्या पानेवाडी येथील इंधन साठ्यांतून टँकर निघेनात, आणि पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. संहिता अंमलात आली तेव्हा ते उपकलम बाजूला ठेवण्यात आले. त्यावरून पळून जाणे आता निर्दोष झाले असे मात्र कोणी समजू नये. मोटार वाहन अधिनियमाची जखमीस मदत करण्याची नि पोलिसांस खबर देण्याची आज्ञा पूर्ववत आहे.

गाडीवरून उतरल्यानंतर

आता त्या दुसऱ्या माणसाकडे वळू, ज्याला कट बसला. तो या क्षणापर्यंत कायद्याच्या दृष्टीने निव्वळ पीडित आहे. तो पाठलाग करतो, पुढे जाऊन आपली दुचाकी आडवी लावतो, आणि येथेच त्याच्या नकळत त्याचा पक्ष बदलतो. ज्या दिशेने जाण्याचा दुसऱ्यास हक्क आहे त्या दिशेने त्यास जाऊ न देणे म्हणजे अन्यायाने अडविणे : कलम १२६, एक महिन्यापर्यंत साधा कारावास, किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तो आईबहिणीवरून शिव्या देतो. सार्वजनिक जागी अश्लील शब्द उच्चारण्याचे कलम २९६ आणि शांतताभंग व्हावा म्हणून अपमान करण्याचे कलम ३५२ तेथे वाट पाहात असते. ‘जिता सोडणार नाही’ असे तो म्हणतो. बोलणाऱ्याला हा वाक्प्रचार वाटतो. परंतु ऐकणाऱ्याच्या मनात भय उत्पन्न करण्यासाठी ते शब्द उच्चारले असे शाबीत झाले, तर जिवे मारण्याच्या धमकीला कलम ३५१(३) अन्वये सात वर्षांपर्यंत कारावास सांगितला आहे. मग हात उठतो.

नुसत्या थापडेला किंवा बुक्क्याला कलम ११५(२), एक वर्षापर्यंत कारावास किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिवाय हा अपराध अदखलपात्र, म्हणजे न्यायदंडाधिकाऱ्याच्या हुकमावाचून पोलीस त्याचा तपास करू शकत नाहीत. ठाण्यात ‘एन.सी. नोंदविली’ असे जे सांगतात ते हेच. परंतु त्या बुक्क्याने दात पडला तर? संहितेच्या कलम ११६ ने गंभीर दुखापतीचे आठ प्रकार सांगितले आहेत, आणि त्यांत डोळा, कान, सांधा यांच्या जोडीला हाड किंवा दात मोडणे अथवा निखळणे हेही आहे; एवढेच नव्हे, तर पंधरा दिवस तीव्र वेदना भोगावयास लावणारी वा नित्य व्यवहार करू न देणारी दुखापतही त्यांत मोडते. दात पडला, की कलम ११७(२), सात वर्षांपर्यंत कारावास आणि दंड. मारणाऱ्याने जोर तेवढाच लावला होता, राग तेवढाच होता, पण समोरच्याच्या हिरडीच्या बळकटीवर त्याची शिक्षा एका वर्षावरून सात वर्षांवर गेली! डिकीतून काढलेला गज किंवा पान्हा हातात आला, की कलम ११८. तेथे गंभीर दुखापतीला किमान एक वर्षाचा कारावास बंधनकारक आहे आणि वरची मर्यादा जन्मठेपेची.

आणखी एक पायरी अशी आहे, की तिची कल्पना वकिलांखेरीज फार थोड्यांना असते. ‘आधी नुकसान भरून दे, मग मोबाईल घे’ असे म्हणून समोरच्याचा फोन काढून घेण्याची रीत आपल्याकडे सर्रास आहे, आणि घेणाऱ्याला ती न्याय्य वसुली वाटते. परंतु पैसे मिळेपर्यंत अडकवून ठेवण्यासाठी दुसऱ्याची वस्तू त्याच्या संमतीवाचून ताब्यातून घेणे चोरीच्या व्याख्येत बसू शकते. तिला मारहाणीची किंवा धाकाची जोड मिळाली, की ती जबरी चोरी. जबरी चोरीला दहा वर्षांपर्यंत कारावास आहे, आणि ती सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी महामार्गावर घडली तर चौदा वर्षांपर्यंत. वाटमाऱ्यांसाठी गेल्या शतकापूर्वीच लिहिली गेलेली ही तरतूद आजच्या संहितेत कायम आहे, आणि धुळ्याजवळच्या फागणे ते मुकटी या पट्ट्यात रात्री दहा वाजता भरपाई वसूल करणाऱ्या कोणा चांगल्या घरच्या मुलालाही ती लावता येते.

समोर एस.टी. असेल तर गणित पुन्हा निराळे होते. एस.टी.ने साइड दिली नाही म्हणून तिला अडवून चालकाच्या केबिनमध्ये चढणारे तरुण आपण पाहतो. मार्ग परिवहन महामंडळ अधिनियम, १९५० च्या कलम ४३ ने महामंडळाचे कर्मचारी लोकसेवक मानले गेले आहेत. तेव्हा तीच थापड आता कर्तव्य बजावणाऱ्या लोकसेवकावरील हल्ला होते. न्याय संहितेच्या कलम १३२ अन्वये दोन वर्षांपर्यंत, आणि दुखापत झाल्यास कलम १२१ अन्वये पाच वर्षांपर्यंत कारावास. आणि येथे गुन्हा दखलपात्र, शिवाय जामीन हा हक्क न राहता न्यायालयाच्या विवेकाधीन होतो.

‘पण राग त्यानेच आणला’

रागाला कायद्यात काही स्थान आहे का? आहे, पण ते फार अरुंद आहे. गंभीर आणि आकस्मिक प्रक्षोभ हे दोन्ही गुण एकत्र असतील, तरच शिक्षा सौम्य होते. ‘आकस्मिक’ ही कसोटी कट बसलेला माणूस उत्तीर्ण होईलही, परंतु ‘गंभीर’ ही नाही. कारण न्यायालय विचारते, की अशा प्रसंगी सामान्य विवेकी मनुष्याचा तोल इतका सुटला असता काय? शिवाय दोन किलोमीटर पाठलाग करून गाठणाऱ्याचा राग आकस्मिकही राहात नाही. स्वसंरक्षणाचा हक्क निःसंशय आहे, पण तो धोका आहे तोवरच. समोरचा पळू लागला, की तो हक्क संपला.

भारतातील या विषयाचा सर्वांत गाजलेला खटला पतियाळाचा. २७ डिसेंबर १९८८ रोजी क्रिकेटपटू नवज्योतसिंग सिद्धू यांचा रस्त्यातील वाहनावरून ६५ वर्षांच्या एका गृहस्थांशी वाद झाला, हात उचलला गेला, आणि ते गृहस्थ मरण पावले. १९९९ मध्ये सत्र न्यायालयाने निर्दोष मुक्तता केली. २००६ मध्ये उच्च न्यायालयाने सदोष मनुष्यवधाबद्दल तीन वर्षे दिली. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो अपराध केवळ साध्या दुखापतीचा ठरवून एक हजार रुपये दंड केला. प्रकरण संपले असे सर्वांस वाटले. परंतु मृताच्या कुटुंबीयांनी पुनर्विलोकनाचा अर्ज केला, आणि १९ मे २०२२ रोजी न्या. अजय खानविलकर व न्या. संजय किशन कौल यांच्या खंडपीठाने एक वर्षाचा सश्रम कारावास दिला, म्हणजे त्या सर्वांत सौम्य कलमाखालील कमाल शिक्षा. धडधाकट खेळाडूचा हात हेही प्रसंगी शस्त्र असते, आणि समोरचा माणूस वृद्ध आहे याचे भान मारणाऱ्याने ठेवले पाहिजे, असा त्या निर्णयाचा आशय होता. पंचविशीतील त्या हाताचा हिशेब ५८ व्या वर्षी पतियाळाच्या तुरुंगात द्यावा लागला.

भोंग्यापासून संचारबंदीपर्यंत

खानदेशात या विषयाचे जे सर्वांत दुःखद दर्शन अलीकडे घडले, ते जळगावपासून हाकेच्या अंतरावर, धरणगाव तालुक्यातील पाळधी येथे. ३१ डिसेंबर २०२४ च्या रात्री, वृत्तपत्रांतून आलेल्या वृत्तानुसार, राज्यातील एका मंत्र्यांच्या कुटुंबीयांच्या मोटारीचा भोंगा आणि तिला वाट देणे यांवरून बाचाबाची झाली. तीतून दोन गट समोरासमोर आले, दगडफेक झाली, दुकाने आणि वाहने पेटली, आणि नववर्षाचा पहिला दिवस त्या गावाने संचारबंदीत काढला. कोणाचे किती चुकले याचा निवाडा येथे करावयाचा नाही. येथे पाहावयाचे ते एवढेच, की एकाचे भांडण अनेकांचे झाले म्हणजे कायद्याची रीत कशी पालटते.

दोघा-चौघांनी एका विचाराने कृत्य केले, तर प्रत्येकजण ते सारे कृत्य आपण एकट्याने केल्याप्रमाणे जबाबदार होतो. ज्याने केवळ कॉलर धरून ठेवली तोही गज मारणाऱ्याच्या पंगतीस बसतो. पाच किंवा अधिक माणसे बेकायदेशीर उद्देशाने जमली, की तो बेकायदेशीर जमाव. त्याने बळाचा वापर केला, की दंगा, दोन वर्षांपर्यंत कारावास. प्राणघातक शस्त्रासह, पाच वर्षांपर्यंत. दुकान वा घर नष्ट करण्याच्या हेतूने आग लावणे तर कलम ३२६ अन्वये जन्मठेपेपर्यंत जाते. विहिरीवरच्या मोटेच्या नाड्याप्रमाणे हे आहे : सोडताना एका हाताने सोडला, पण भरलेली मोट खाली जाऊ लागली, की तो हात तिला आवरू शकत नाही. ‘चला रे’ म्हणून फोनवरून चार मित्र बोलाविणाऱ्याला आपण काय सोडले, याची कल्पना त्या क्षणी नसते.

चौकट : प्रसंग ओढवलाच तर

अपघात झाल्यास थांबा, जखमीस रुग्णालयात पोहोचवा आणि पोलिसांस शक्य तितक्या लवकर, २४ तासांच्या आत, खबर द्या. ही आज्ञा मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १३४ ची आहे. जमाव खवळल्यामुळे थांबणे अशक्य असेल, तर त्याच कलमाने ती अडचण मान्य केली आहे. अशा वेळी सरळ जवळच्या ठाण्यात जा. कोणी कट मारून गेला, तर वाहनाचा क्रमांक, वेळ आणि जागा टिपून ठेवा, आणि ११२ वर कळवा. कोणाच्या वाहनाची किल्ली काढू नका, फोन घेऊ नका, आणि पाठलाग करू नका. जखमेची अथवा नुकसानीची भरपाई मागण्यासाठी जिल्हा न्यायालयात मोटार अपघात दावा न्यायाधिकरण आहे. आणि जखमीला मदत करणाऱ्या त्रयस्थास पोलीस साक्षीदार होण्याची सक्ती करू शकत नाहीत. कलम १३४-अ त्याच्या पाठीशी आहे.

आपसात मिटविले, तरी

अशा प्रकरणांत दुसऱ्या दिवशी दोन्हीकडची वडीलधारी मंडळी ठाण्याच्या आवारातील झाडाखाली बसतात आणि ‘मिटवून टाका’ असे ठरते. साधी दुखापत आणि अन्यायाने अडविणे हे अपराध जखमी झालेल्याच्या संमतीने मिटविता येतात. दात पडला असेल, तर न्यायालयाची परवानगी लागते. परंतु बेदरकार चालविण्याचा अपराध आपसात मिटविता येत नाही, कारण तो एका माणसाविरुद्ध नसून त्या रस्त्यावरील सर्वांविरुद्ध आहे. हयगयीने घडलेला मृत्यू, दंगा, खुनाचा प्रयत्न हेही मिटत नाहीत. मग उच्च न्यायालयाच्या छत्रपती संभाजीनगर येथील खंडपीठात गुन्हा रद्द करण्यासाठी अर्ज, वकीलपत्र, तारखा आणि प्रत्येक तारखेला एक दिवसाची मजुरी अशी मालिका सुरू होते. शिवाय बहुधा दोन्ही पक्षांनी फिर्यादी दिलेल्या असतात, आणि ‘परस्परविरोधी गुन्हे दाखल’ झाल्यावर एकाची माघार दुसऱ्याच्या माघारीवर अवलंबून राहते.

या सर्वांत मला सर्वाधिक हळहळ वाटते ती विशीतल्या मुलांची. जळगावचे आणि धुळ्याचे पोलीस कवायत मैदान असो, की एखाद्या तालुक्याच्या गावाबाहेरचा कच्चा रस्ता, भल्या पहाटे तेथे सोळाशे मीटरचा सराव करणाऱ्या मुलांच्या रांगा दिसतात. वर्षानुवर्षे ती पोलीस भरतीची किंवा सैन्यभरतीची वाट पाहात असतात. निवड झाल्यावर चारित्र्य पडताळणीचा नमुना हाती येतो, आणि त्यात आपल्याविरुद्ध कधी गुन्हा नोंदला गेला होता काय, अटक झाली होती काय, खटला प्रलंबित आहे काय, असे प्रश्न असतात. खरे लिहिल्यास नेमणूक करणारा अधिकारी गुन्ह्याचे स्वरूप पाहून विचार करतो. दडविल्यास दडविणे हेच नेमणूक जाण्यास पुरेसे कारण होऊ शकते. प्रलंबित खटल्यामुळे पारपत्र नाकारण्याचाही अधिकार शासनाला आहे. चौकात तीन वर्षांपूर्वी कोणी कट मारला होता, त्याच्या वाहनाचा क्रमांक काय होता, हे त्या मुलाला आता आठवतही नसते. पण त्या रकान्यात लिहावयाचा आपल्या गुन्ह्याचा क्रमांक त्याला पाठ असतो.